मागून आवाज येत नाही

"मंडळी, आमच्या भाऊजीची गोष्ट ऐका. कान गेलते, पण मानाले तयार नाही. टीव्हीचा आवाज असा, का गल्लीतली कुत्री पळून गेली. मंग एक दिवस यवतमाळले गेले, अन् दहा बाय दहाच्या खोलीसाठी पाच डबे अन् एक ढोल घेऊन आले. दुकानात त्याईनं काय केलं, माहीत हाय? खिशातून सरकी काढली, माईकपुढं कटकट चावली, अन् दुकानदाराले म्हणे, 'मले आवाज येत नाही!' आता बोला. ज्या माणसाले माईकवरची सरकी ऐकू येत नाही, त्याईनं जिंदगीभर कापसाची प्रत ठरवली!"

वरील निवेदन माझ्या साळ्याचे आहे. तो बाभुळगावचा. तिथल्या आणि आसपासच्या लग्नांत, साखरपुड्यांत, निरोप समारंभांत माईक त्याच्याच हाती असतो. मंगलाष्टके संपली आणि पंगत बसायला वेळ असला, की त्या मधल्या रिकाम्या जागेत तो ही गोष्ट सोडतो. आचाऱ्याचा भात शिजेपर्यंत ती पुरते. भात अगदीच कच्चा असला तर तो पळालेल्या कुत्र्यांची संख्या वाढवतो. ही गोष्ट मी पहिल्या रांगेत बसून ऐकली आहे, मंडपाबाहेर चपला शोधताना ऐकली आहे, आणि एकदा शेजारच्या गावी असताना वाऱ्यावर वाहत आलेलीही ऐकली आहे. बहिऱ्या माणसाच्या मानाने हे पुष्कळ झाले.

या निवेदनात जे खरे आहे ते आधी मान्य करतो. खोली दहा बाय दहाची होती. डबे, म्हणजे स्पीकर, पाच होते आणि त्यांच्या जोडीला एक वूफर होता, ज्याला तो ढोल म्हणतो. दुकानात मी सरकी चावली, हेही खरे. बाकीच्या मजकुराला माझी हरकत आहे, आणि सर्वांत मोठी हरकत एका वाक्याला आहे: "मले आवाज येत नाही." हे वाक्य मी उच्चारलेले नाही. मी जे उच्चारले त्यात "मले" हा शब्दच नव्हता. एक शब्द बदलून धडधाकट माणूस बहिरा करता येतो, हे मराठी भाषेचे सामर्थ्य असेल. ते सामर्थ्य साळ्याच्या हाती माईकसकट देणे मात्र योग्य नव्हे.

हा वाद कोणाला घरगुती वाटेल. माझ्या लेखी तो घरगुती नाही. मी आर्णीच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. आलेल्या गाडीतला कापूस कोणत्या प्रतीचा, हे ठरवणे माझे काम. रंग डोळ्यांनी पाहायचा. धागा दोन चिमटींत ओढून त्याची लांबी जोखायची. किडका, पिवळा पडलेला कवडी कापूस किती आणि पालापाचोळा किती, ते चाळून पाहायचे. पण कापसात ओल किती आहे हे डोळे सांगत नाहीत आणि चिमटीही सांगत नाही. ते सरकी सांगते. कापसातले बी काढायचे, दाढेखाली धरायचे आणि फोडायचे. कोरड्या कापसाची सरकी "कट्ट" वाजून दुभंगते. ओल्या कापसाची वाजत नाही. "मच्च" करून चेपते. शेतकऱ्याचाही विश्वास त्या कट्टवरच असे, कारण गाडी जुंपण्यापूर्वी तोही घरी एक सरकी फोडून आलेला असे. एका अर्थी आम्हां दोघांची साक्ष एकाच आवाजावर उभी असे: त्याने तो घरी ऐकलेला, मी केंद्रावर ऐकायचा.

ती कापसाची वाईट वर्षे होती. भाव पडलेला, खरेदी उशिरा उघडलेली, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. त्या वर्षांत एक प्रत वर की एक प्रत खाली, याचा कोणाच्या घरात काय अर्थ होतो, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मी त्याच तालुक्यात राहतो आणि त्याच बाजारात भाजी घेतो. माझ्या निकालावर शिव्या पडल्या. माझ्या सायकलच्या चाकांतली हवा गेली. एकदा सायकलच गेली. परंतु "याले ऐकू येत नाही" असे तेव्हा केंद्रावर कोणीही म्हटले नाही. ते लोकांना साळ्याने शिकवले. डबे घेतले त्या उन्हाळ्यातच माझे कान गेले होते असे धरले, तर त्यानंतरच्या हंगामात, माझ्या नोकरीच्या शेवटच्या हंगामात, मी सांगितलेली प्रत्येक प्रत खोटी ठरते. माझे जे काही नाव आहे ते त्या प्रतींवर उभे आहे. म्हणून हा खटाटोप.

आता मूळ कारणाकडे येतो. मूळ कारण माझे कान नसून कूलर होता.

आमच्याकडे उन्हाळ्यात माणसे घरात राहत नाहीत, कूलरपुढे राहतात. ज्या खोलीला कूलर, ती खोली म्हणजे घर. बाकीचे सर्व म्हणजे अंगण. आमचा कूलर निजायच्या खोलीच्या खिडकीत होता, म्हणून चैत्र लागला की टीव्हीही उचलून त्या खोलीत येई. खोलीत एक पलंग, एक लोखंडी कपाट, कपाटावर गाद्यांची चळत, पलंगाखाली पत्नीच्या माहेरची पितळेची भांडी, आणि उरलेल्या जागेत आम्ही दोघे. कूलर जुना. गवताच्या ताट्या भिजल्या की त्याचा पंखा जिनिंगमधल्या यंत्रासारखा घरघरत असे. हवा मात्र माघातली. तो बंद करावा तर घामाने अंगरखा पाठीला चिकटे, चालू ठेवावा तर टीव्हीवरची माणसे तोंडे हलवताना नुसती दिसत.

"अजी, आवाज वाढवा," पत्नी म्हणे. "सासू तिले काय बोलली हे समजेपर्यंत सून घर सोडून गेली."

मी वाढवी. कूलरची घरघर ओलांडून जो आवाज आमच्यापर्यंत पोचे, तो अर्थातच भिंत ओलांडून गल्लीतही पोचे; आणि गल्लीत कूलर नव्हता. गल्लीला नुसता आवाज मिळे. त्यावरून गल्लीने निष्कर्ष काढला. एका दुपारी भारनियमनाची वेळ झाली, वीज गेली, कूलर थांबला, टीव्ही थांबला, आणि त्या निर्मळ शांततेत शेजारच्या अंगणातून शब्द आले:

"काकाचे कान गेले वाटते, बाई."

"गेले नाहीत," मी खिडकीतून म्हणालो. "हे काय, अथीच हायेत."

तिकडे सूप खाली पडल्याचा आवाज झाला. तोही मला ऐकू आला.

या प्रसंगानंतर पत्नीने जे वाक्य उच्चारले, त्यात पुढच्या सर्व खरेदीचे सार आहे. ती म्हणाली, "आवाज मोठा नको. जवळचा पायजे." विषयाचा इतका नेमका निवाडा मी दुकानांतही ऐकला नाही. टीव्ही पायथ्याशी, कान उशीशी, आणि मध्ये कूलरचा झोत: अशा खोलीत समोरून ओरडून काही साधत नाही. आवाज उचलून उशीशी आणून ठेवला पाहिजे. त्या काळी घराघरांत होम थेटरचे नवे वारे होते. समोर डबे, मागे डबे, मध्ये माणूस. लोक ते दिवाणखान्यात लावत आणि शेजाऱ्यांना बोलावत. माझ्या लक्षात आले की आमच्या खोलीत "मागे" म्हणजे उशी. मागचे दोन डबे उशीच्या दोन बाजूंना आले, की समोरचे डबे मुके असले तरी चालेल. माझी सर्व निवड मागच्या डब्यांसाठी होती, हे कृपया ध्यानात ठेवावे; साळ्याच्या गोष्टीतून नेमके तेच गळले आहे.

खिसा बेताचा होता, म्हणून यवतमाळला जाऊन स्वस्तातलेच पाहायचे ठरले. साळा सोबत आला. त्याला बोलावले नव्हते. "आवाजाचं काम हाय, भाऊजी, तुम्हाले एकट्याले नाही जमणार," असे म्हणून तो बसस्थानकावर हजर. माईकपुढे "हॅलो, हॅलो" करणाऱ्यास आवाजातले कळते अशी त्याची समजूत आहे. या न्यायाने घंटा वाजवणाऱ्या शिपायाला गणित यायला हवे.

दुकान मोठे होते. मालक काउंटरमागे, अंगठ्या घातलेला. त्याने आम्हाला एका सोफ्यावर बसवले आणि दुकानातला सर्वांत थोराड संच सुरू केला. पुढे कमरेएवढे दोन खांब, मागे भिंतीवर दोन डबे.

"काका, फक्त फील करा," मालक म्हणाला. "आता हेलिकॉप्टर येते. पहिले समोरून, मंग तुमच्या डोक्यावरून मागं जाते."

हेलिकॉप्टर आले. समोरून आले यात शंका नाही. काउंटरवरची काच थरथरली. साळ्याने डोळे मिटले, हात पसरले आणि मान हळूहळू मागे वळवली.

"गेलं!" तो ओरडला. "मागं गेलं! भाऊजी, पाह्यलं का, कसं मागून आवाज येऊन राह्यला!"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती. त्यांनीही माना वळवल्या. सर्व माना मागे वळलेल्या असताना मी एकटा समोर पाहत होतो, आणि तेव्हा मी ते वाक्य बोललो. जसेच्या तसे लिहितो:

"मागून आवाज येत नाही."

मालक हसला. साळा त्याहून मोठ्याने हसला. परंतु मालक उठला, मागच्या डब्यापाशी गेला, तारेला काहीतरी केले, आणि म्हणाला, "आता पाहा." आता खरोखर मागून आवाज आला. माझे म्हणणे असे, की तार निसटलेली होती आणि मालकाने ती बसवली. साळ्याचे म्हणणे असे, की तार धडच होती आणि मालकाने "म्हाताऱ्याचं मन राखाले" नुसता हात लावला. या मुद्द्यावर त्याचे शब्द आणि माझे शब्द समोरासमोर आहेत. तिसरा साक्षीदार मालक, त्याने तार खाली सोडताना आमच्याकडे पाठ केलेली होती. हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवतो. त्याचा निकाल पुढे लागणार आहे.

हेलिकॉप्टरवरून संच निवडण्यात मला अर्थ दिसेना. हेलिकॉप्टर कसे वाजते हे मला काय ठाऊक? आर्णीवरून गेले असेल एखादे, निवडणुकीत. ज्या आवाजाची ओळख नाही, त्यावरून वाजवणाऱ्याची पारख कशी करावी? मला ओळखीचा आवाज हवा होता, आणि जगात एकाच आवाजाविषयी मी शपथेवर बोलू शकतो. खिशात हंगामातली सरकी होती. ग्रेडरच्या खिशात ती कायमच असते. पत्नी सदरा धुण्यापूर्वी झटकते. मी थोड्या बिया रुमालाच्या टोकात घेऊन दुकानाच्या पाण्याच्या टाकीखाली भिजवल्या आणि काही वेळ मुठीत दाबून ठेवल्या.

"माईक लागतो का याले?" मी विचारले.

"लागते ना, काका. गाणं म्हनाचं हाय का?"

"बी फोडाचं हाय."

मालकाने साळ्याकडे पाहिले. साळ्याने कपाळाला हात लावला. तरी माईक आला. मी आधी कोरडी सरकी फोडली, मग ओली. थोराड संचातून दोन्ही वेळा एकच उत्तर आले: धुम्म. कोरडीही धुम्म, ओलीही धुम्म. हा संच केंद्रावर ग्रेडर म्हणून बसवला असता तर पहिल्या दिवशी दंगल झाली असती. दुसरा संच चकचकीत होता, त्यातून दोन्ही बिया झांजेसारख्या वाजल्या. मग मी कोपऱ्यातल्या एका लहानशा, मळकट संचाकडे बोट केले. त्याचे डबे पेढ्याच्या खोक्याएवढे. मालकाला तो विकायचाही नव्हता, तो धूळ पुसत बसला. त्यातून कोरडी सरकी "कट्ट" वाजली आणि ओली "मच्च". जशीच्या तशी, माझ्या दाढेतली आणि डब्यातली, जुळ्या बहिणी.

"हा द्या," मी म्हणालो.

"काका, याच्यात हेलिकॉप्टर दमदार नाही येत."

"आमच्या खोलीत त्याले उतराले जागा नाही."

साळा बाहेर पडेपर्यंत कुरकुरत होता. "काहून जी असं करता, भाऊजी? इज्जत गेली माही. तो माणूस मले ओळखते." पुढच्या आठवड्यात तो एकटाच परत गेला आणि तो थोराड संच घेऊन आला. कमरेएवढ्या दोन खांबांसह तो आज त्याच्या बाभुळगावच्या दिवाणखान्यात उभा आहे.

आमच्या खोलीत डबे बसवणे हे वेगळे प्रकरण झाले. मागचे दोन डबे उशीच्या दोन्ही अंगांना खिळ्यांवर टांगले. पुढच्या दोनपैकी एक कपाटावर गाद्यांच्या चळतीत रुतवला, एक खिडकीच्या कट्ट्यावर. मधला टीव्हीवर. वूफर कुठे ठेवावा हा पेच होता. जागा फक्त पलंगाखाली, पितळेच्या भांड्यांमध्ये. पहिल्याच संध्याकाळी मालिकेत वीज कडाडली आणि पलंगाखालून पत्नीचे सगळे माहेर वाजू लागले. पातेली, गंज, घागर, झाकण्या. ती पलंगावरून उठून उभी राहिली.

"हे कायले घेतलं जी? भांडी आपटाले? ते तर मीच करत होती."

मी भांड्यांच्या मध्ये मध्ये कापूस कोंबला. कपाटाचे दारही गुणगुणत होते; त्याच्या फटीतही कापूस घातला. कापूस फरतडीचा, म्हणजे शेवटच्या वेचणीचा, आखूड धाग्याचा. चांगल्या प्रतीचा कापूस मी कपाटाच्या फटीत घालीन असा समज कोणी करून घेऊ नये. त्यानंतर खोली शांत झाली. कूलर घरघरत राहिला आणि मालिकेतली सासू काय बोलली ते ती उशीशी येऊन सांगू लागली. आवाजाचा आकडा टीव्हीवर इतका खाली आला, की गल्लीला काही ऐकू येईना. दोन दिवसांनी शेजारीण पत्नीला म्हणाली, "काकानं टीव्ही पाहणं सोडलं वाटते. कान पुरेच गेले का?" म्हणजे आवाज मोठा होता तेव्हा मी बहिरा, आणि आवाज लहान झाला तेव्हा ठार बहिरा. लोकमत एकदा जागेवर बसले की त्याखालून वूफरही हलत नाही.

इथवर ही गोष्ट हसण्यावारी होती आणि मीही ती तशीच घेतली. साळ्याने ती लग्नांत सांगायला सुरुवात केली, तेव्हा दुकानातले दोन प्रसंग त्याने एकत्र शिवले: हेलिकॉप्टरच्या वेळचे वाक्य उचलून सरकीच्या वेळेला लावले, आणि "मागून"च्या जागी "मले" घातले. शिवण चांगली होती, हशा पडे. मी म्हटले, पडू दे.

मग नोकरी संपल्यानंतर आर्णीच्या बसस्थानकाशेजारी चहा घेत असताना एक माणूस माझ्या बाकावर येऊन बसला. तांड्यावरचा, वयाने माझ्याहून थोडा लहान, पांढरे धोतर, कानात बाळी. त्याला मी ओळखत होतो. माझ्या शेवटच्या हंगामात त्याच्या गाडीची मी एक प्रत खाली आणली होती. तेव्हा तो बैल वळवून वजनकाट्याकडे गेला होता. आता त्याने माझ्या चहाचा कप हाताने सरळ केला आणि विचारले:

"काका, राग नोका धरू. एका लग्नात माईकवर ऐकलं. माही गाडी तुम्ही खाली टाकली, तवा तुम्हाले ऐकू येऊन राह्यलं होतं ना?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर होते. त्याने ते असे विचारले, जसे कोणी रस्ता विचारतो.

मी त्याला सांगितले, की त्याच्या गाडीतल्या वरच्या थराची सरकी कट्ट वाजली होती, मधल्या थराचीही वाजली होती, आणि तळाची वाजली नव्हती. त्याला ऐकवले, की तळाची मी दोनदा पाहिली होती, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नव्हता. कूलरचे सांगितले, उशीचे सांगितले. तो सगळे ऐकून घेत होता. शेवटी त्याने कपातला चहा संपवला आणि उठताना म्हणाला:

"असन."

वऱ्हाडीत हा शब्द फार जपून वापरतात. "हो" म्हणायचे नसते आणि "नाही" म्हणून समोरच्याला दुखवायचेही नसते, तेव्हा माणूस "असन" म्हणतो. त्याने माझा मान राखला, आणि माझा निकाल मात्र परत माझ्या हाती ठेवला. शिव्यांना मी घाबरलो नाही, चोरीला गेलेल्या सायकलचे मला दुःख नाही; परंतु त्या बाकावरचे ते "असन" मी रोज घरी घेऊन जातो. ज्याच्या गाडीच्या बाबतीत मी बरोबर होतो, त्यालाच आता ते खात्रीने कळण्याची सोय उरली नव्हती, आणि ती सोय एका हशासाठी गेली होती.

मी साळ्याला जाब विचारला. तो म्हणाला, "भाऊजी, मजाकची गोष्ट हाय. लोकं हासतात. तुम्ही कायले इतकं मनाले लावून घेता?" मी म्हणालो, तू "मले" हा शब्द मागे घे. तो म्हणाला, "मंग हासाचं काय राह्यते त्याच्यात?" हा त्याचा एकच प्रामाणिक युक्तिवाद मला आठवतो. वर म्हणाला, "अन् खरं सांगू का, दुकानात मागून आवाज येतच होता. मी कानानं ऐकला. माहे कान तर ठीक हायेत ना?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्याच्याच घरी मिळाले.

त्याच्या नातीचे बारसे होते. आम्ही उभयता बाभुळगावला गेलो. पाळणा झाला, नाव ठेवून झाले, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि जेवायला अवकाश होता. साळ्याला अवकाश दिसला की राहवत नाही. त्याने पाहुण्यांना सोफ्यावर दाटीवाटीने बसवले, मला मधोमध बसवले, आणि दुकानातून संचासोबत मिळालेली तीच हेलिकॉप्टरची तबकडी लावली. खांब थरथरले. पाळण्यातली पोर दचकून रडू लागली.

"आता पाहा, आता मागं जाते," साळा हात वर करून म्हणाला. "गेलं! आलं का मागून?"

"आलं, आलं," पाहुणे म्हणाले. सगळ्या माना वळल्या. एक व्याही तर वाकून बसले, जणू पंखा टोपीला लागेल.

मी मान वळवली नाही. मी म्हणालो, "मागून आवाज येत नाही."

काय हशा पडला! साळ्याने टाळी मागितली, व्याह्यांनी दिली. "घ्या! म्या काय सांगत होतो? तेच वाक्य! सरकी आणा रे, सरकी!" जेवणाचे बोलावणे येईपर्यंत खोली हसत होती. मग सारे पंगतीला उठले, आणि दिवाणखान्यात पत्नी व मी एवढेच उरलो.

"खरंच नाही येत?" तिने विचारले.

"तूच पाह्य."

सोफ्यामागे भिंतीवर दोन डबे होते, प्लास्टिकच्या हारांनी सजवलेले. ती गेली, हार बाजूला केला, डब्यामागे हात घातला, आणि मग पदर तोंडात कोंबून तिथेच भिंतीला टेकली. पंगतीत आम्ही काही बोललो नाही. यजमानाच्या घरी त्याच्याच भाताशी बसून त्याच्या डब्याची झडती सांगणे आमच्यात बसत नाही. परतीच्या एसटीत मात्र ती यवतमाळ येईपर्यंत हसत होती, आणि वाहकाने दोनदा विचारले, "काकू, बरं वाटत नाही का?"

मी हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. परवा पुन्हा एका मंडपात ती गोष्ट झाली, आणि या वेळी रांगेत तांड्यावरचा तो माणूसही बसलेला होता. हसला नाही, पण उठलाही नाही. म्हणून त्याच्यासाठी, आणि ज्यांच्या ज्यांच्या गाड्यांतली सरकी मी फोडली त्या सर्वांसाठी, साळ्याच्या सख्ख्या बहिणीने स्वतःच्या हाताने चाचपून पाहिलेली वस्तुस्थिती इथे नोंदवतो: ज्या डब्यांतून त्याने इतकी वर्षे गावाला हेलिकॉप्टर ऐकवले, त्या मागच्या दोन्ही डब्यांची तार कारखान्यातून जशी गुंडाळून आली होती तशीच, कशालाही न जोडलेली, प्लास्टिकच्या पिशवीत होती, आणि पिशवीला गाठ होती.